ओ कुणी द्यायची

त्याचं ते गाणं लागलं की मी असेन तिथून उठते. लोणावळ्याच्या बाजारात लागलं तर भाजी अर्धी घेऊन निघते, कान्ह्याच्या स्टेशनवर कुणाच्या मोबाइलवर लागलं तर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते. माझ्या शाळेतल्या एक बाई म्हणतात, "अहो, तुमच्या गावचं गाणं ना ते? तुम्हाला तर अभिमान वाटायला पाहिजे." दुसऱ्याच्या घरात काय वाटायला पाहिजे हे लोकांना फार चांगलं कळतं.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. गिटार आणि हलगी एकत्र वाजवणारा, खांद्यावर घोंगडी टाकून स्टेजवर अनवाणी उभा राहणारा, एवढं म्हटलं तरी पोरं ओळखतात. त्याच्यामागून पुष्कळ आले. आज कॉलेजच्या कुठल्याही स्पर्धेत बघा, दर दुसऱ्या पोराच्या खांद्यावर घोंगडी, मग मे महिना का असेना. घाम पुसत गातात बिचारी. आम्हाला वाट त्यांनी दाखवली, असं सगळे मुलाखतीत सांगतात. ते खोटं नाही. आणि त्याचा गळाही खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाई जळते.

आम्ही एका कॉलेजात होतो. तो लोणावळ्याचा, वडील रेल्वेत, राहायला क्वार्टरमध्ये. मी टाकव्याची. टाकव्याहून कान्ह्यापर्यंत मिळेल त्या वाहनानं यायचं आणि पुढं लोकल पकडायची. गॅदरिंगला त्यानं एक इंग्रजी गाणं म्हटलं आणि पार वाट लावली. पण आवाज लक्षात राहिला. कॉलेज सुटल्यावर तो पवनेच्या काठावर तंबूवाल्यांकडं शनिवार-रविवार गायला जायचा. पर्यटक शेकोटीभोवती पनीर खात बसायचे, आणि हा हिंदी सिनेमातली गाणी म्हणायचा. एक दिवस मला म्हणाला, "ताई, मी आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी म्हणणार बहुतेक. तुमच्याकडं भातलावणीला बायका गातात ना? मला एकदा ऐकव."

मी त्याला घरी नेलं. आता गावातले म्हणतात, तूच आणलास साप पिशवीतनं. मी ते मुळीच ऐकून घेत नाही. पाहुणा घरी आणणं हा गुन्हा असेल तर सगळा मावळ तुरुंगात बसवावा लागेल.

आमच्या खाचरात तेव्हा भातलावणी चालली होती. आई रांगेच्या मधोमध. आमच्याकडं गाणं उचलायचा मान तिचाच, तिनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची. हा बांधावर मोबाइल धरून उभा राहिला, तशी आई कंबर न उचलताच म्हणाली, "ऐकायचं आसंल तर चिखलात उतर. बांधावर हुबं राहून ऐकायला हितं काय तमाशा हाय व्हय?"

तो उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला आणि दिवसभर वाकला. त्यानं लावलेली रोपं बघून आमच्या शेजारची मावशी म्हणाली, "भाऊ, तुमचं वडील रेल्वेत हायेत न्हवं? मंग शिग्नल का लावलेत, एक हितं, एक तितं?" बायका हसून हसून चिखलात बसल्या. तोही हसला. संध्याकाळी आमच्या ओटीवर खेकड्याचं कालवण न् भाकरी खाल्ली आणि सरळ झोपून गेला. पुढची तीन-चार वर्षं लावणी म्हटलं की तो हजर. मला भाऊ नाही. पहिल्याच दिवाळीत आई म्हणाली, ओवाळ त्याला. मी ओवाळलं.

आता त्या गाण्याचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

लावणीच्या दिवसांत आमच्याकडं धुकं असं खाली येतं की शेजारची बाई दिसत नाही. पाऊस असतो, डोक्यावर पूर्वी इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद. कुणाला चक्कर आली, कुणी पडलं, कळणार कसं? म्हणून आमच्या खाचरातल्या गाण्याला शेवटचं एक कडवं असतं.

मूठ सरली, चिखल उरला, धुकं आलं गं दाराशी,
हाक घालते, ओ दे बाई, हायेस का गं जवळपाशी

याच्यापुढं एकेकीचं नाव घ्यायचं. जिचं नाव तिनं एकटीनं ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी हातातली रोपांची मूठ टाकून उभं राहायचं आणि शोधायचं. आणि रांगेतली कुणी बाई देवाघरी गेली असेल तर तिचंही नाव घ्यायचं, पण तिची ओ तिला देता येत नाही, म्हणून सगळ्या रांगेनं मिळून द्यायची. एकटीची ओ म्हणजे जिती, रांगेची ओ म्हणजे गेलेली. आमच्याकडं लहान पोरीलाही हे ठाऊक असतं. जित्या माणसाला रांगेनं ओ द्यायची नाही. चुकून दिली गेली तर त्या बाईला बांधावर बसवून मीठमोहरी उतरून टाकतात.

माझ्या आधी आईला एक मुलगी होती. चार वर्षांची झाली होती. लावणीच्या दिवशी आईनं तिला बांधावर इरल्याखाली बसवलं होतं. पोरगी हट्टी, म्हणायची माझंबी नाव घे. म्हणून आई शेवटी तिचं नाव घ्यायची आणि ती बांधावरून ओ द्यायची. त्या दिवशी आईनं नाव घेतलं आणि ओ आलीच नाही. आईला वाटलं झोपली असेल. पुन्हा घेतलं. मग सगळ्या उठून धावल्या. तिला पान लागलं होतं. साप चावला असं म्हणत नाहीत आमच्यात, पान लागलं म्हणतात.

तिचा फोटो नाही. जन्माची नोंद कुणी केली नव्हती. घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही, आई उठून जायची. वर्षातून एकदाच, लावणीच्या शेवटच्या दिवशी, त्या कडव्यात आई तिला हाक मारायची आणि सगळी रांग ओ द्यायची. मीही द्यायचे. माझ्या बहिणीशी माझी ओळख म्हणाल तर एवढीच. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते लिहिण्यासाठी नव्हतंच, हाकेसाठी होतं. एकदा विश्वासानं दुसऱ्याला दिलं, त्याचं काय झालं ते सांगतेच आहे.

ही हकीकत आईनं मला कधी नीट सांगितली नव्हती. त्याला सांगितली. तिसऱ्या वर्षी तो ओटीवर गिटार घेऊन बसला होता, आई भाताची रोपं बांधायचा पेंढा भिजवत होती. त्यानं आईला विचारलं, "मावशी, हे शेवटचं नाव कुणाचं?" आणि ती बोलायला लागली. मी दारात उभी राहून ऐकलं. तो रडला. खोटं रडला असता तर मला आज एवढा राग आला नसता. मग त्यानं गाणं मागितलं. आई म्हणाली, "घेऊन जा. गाणं काय माज्या बापाचं हाय? चाल बदल, वाजाप बदल, काय बी कर. तेवढं नाव बदलू नगंस. तितं तीच ऱ्हाती." तो आईच्या पाया पडला. "नाव नाही बदलणार मावशी," म्हणाला. हे शब्द आहेत त्याचे, मी त्यात कानामात्रा घातलेला नाही.

पण ते गाणं त्यानं लगेच काढलं नाही. आधी काढलं ते उर्सेच्या टोलनाक्याचं. त्याच्या आजोबांची जमीन तिकडं होती, रस्त्यात गेली. म्हातारा रोज टोलनाक्यापाशी उभा राहून आपलं आंब्याचं झाड कुठं होतं ते गाड्यांच्या रांगेत शोधतो, असं गाणं. ते ऐकून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये रडले होते. ते त्याचं स्वतःचं होतं आणि चोख होतं. त्या गाण्यानं तो उचलला गेला. हलगीवाला आला, ड्रमवाला आला, पुण्यामुंबईला कार्यक्रम, परदेशात कार्यक्रम. पेपरात यायला लागलं, मातीतला आवाज. त्या वर्षी तो लावणीला आला नाही, म्हणाला शूटिंग आहे. पुढच्या वर्षी शूटिंगच लावणीला आलं. कुणाच्या तरी खाचरात उभा राहून, स्वच्छ धोतर नेसून, हातात मूठ धरून. मूठ उलटी धरली होती. मावशी मोबाइलवर बघून म्हणाली, "आगं, मुळ्या वर केल्यात की ह्यानं. आपल्यात शिकून बी शिग्नल त्यो शिग्नलच." भाऊबीजेला फोन आला, व्हिडिओवर. "ताई, स्क्रीनलाच ओवाळ." मी ओवाळलं. मोबाइलला कुंकू लावलं आणि नंतर पुसत बसले.

मग त्याला मुलगी झाली. आम्ही बारशाला गेलो, आईनं गोधडी शिवून नेली होती.

आणि मग लोणावळ्याचा तो कार्यक्रम. त्यानं स्वतः फोन केला. "मावशी, तुमचं गाणं पहिल्यांदा म्हणतोय, आपल्या गावात. सगळ्यांना घेऊन या." आईनं रांगेतल्या सगळ्या बायकांना सांगितलं. पिकअप गाडी केली. हिरवी लुगडी, जुनी नथ, मावशीनं तर दात नव्हते तरी मिश्री लावली होती. आई कामशेतच्या पुढं आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "एवडी मानसं आसतील?" मी म्हटलं, "हजारांनी असतील." ती म्हणाली, "एवडी मानसं तिला ओ देतील." तिचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता.

पुढच्या रांगेत बसवलं आम्हाला. खुर्च्यांना कापड लावलेलं. तो आला, घोंगडी, अनवाणी पाय, वर लाइट. गाणं सुरू झालं. वाजाप बदललेलं होतं, गिटार होती, हलगी होती, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. शेवटचं कडवं आलं. त्यानं हात वर करून सगळं थांबवलं. सगळ्या मैदानाला सांगितलं, मी नाव घेतलं की तुम्ही ओ द्यायची. आमच्या बायका सावरून बसल्या. आईनं पदर नीट केला.

त्यानं नाव घेतलं. त्याच्या मुलीचं.

सगळ्या मैदानानं ओ दिली. त्याच्या बायकोनं पोरीला कडेवर घेऊन स्टेजवर आणलं, पोरीच्या कानाला मोठे हेडफोन. त्यानं पुन्हा नाव घेतलं आणि पुन्हा सगळ्यांनी ओ दिली. आमच्या रांगेतल्या बायकांची तोंडं उघडीच राहिली. मावशीच्या तोंडून सवयीनं ओ निघून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, मला त्या खुर्चीत कळलं. मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती रडत असेल. ती रडत नव्हती. ती घाबरली होती. "थांबीव गं त्यास्नी," म्हणाली. "पोरगी जिती हाय. जितीला रांगेची ओ द्याय लागलेत. थांबीव."

स्टेजमागं आम्हाला सोडलं, कारण आम्ही घरचे. तो घामाघूम, खूश. मी म्हटलं, "नाव कुठं गेलं?"

"ताई, ते नाव चालीत बसत नव्हतं गं. जुनं आहे, पोरांना उच्चारता येत नाही. आणि भावना तीच आहे ना? बापानं मुलीला मारलेली हाक. उलट आता ते सगळ्यांचं झालं."

"तू शब्द दिला होतास."

"लोकगीत आहे ताई. लोकगीत बदलतंच. पारंपरिक म्हणून टाकलंय आपण सगळीकडं."

माझ्या बहिणीला त्यानं पारंपरिक केलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही. आई मात्र भांडली नाही. माझ्या बहिणीचं नावही काढलं नाही तिनं. हात जोडून म्हणाली, "बाबा, माजीचं नको घेऊस. कुनाचंच नको घेऊस. पर तुज्या लेकराचं नाव तितनं काड. ती गेलेल्यांची जागा हाय." त्यानं आईचे हात हातात घेतले आणि हसला. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, "मावशी, हे सगळं मनाचं असतं." हे सगळं त्याला माहीत होतं. आमच्या चिखलात उभं राहून शिकला होता तो.

पुढं एका मुलाखतीत त्यानं हा किस्सा सांगितला. गावाकडची एक भोळी मावशी कशी घाबरली, लोकसंगीताची ताकद बघा, वगैरे. आणि म्हणाला, हे गाणं मी माझ्या मुलीसाठी लिहिलं. मी त्याला मेसेज केला, निदान लिहिलं म्हणू नकोस. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. त्या दिवाळीपासून मी मोबाइलला कुंकू लावलं नाही.

गाणं तर वणव्यासारखं पसरलं. ट्रॅक्टरवर तेच, लग्नात तेच, रिसॉर्टवर पोरं पाण्यात उड्या मारताना तेच. आणि दर वेळी ते नाव आणि दर वेळी शेकडो लोकांची ओ. आईला ते सहन होईना. स्वतःचं दुःख बाजूला ठेवलं आणि त्याच्या पोरीची काळजी घेत बसली ती. गाणं कानावर आलं की हातातलं काम टाकून पुटपुटायची, "जिती हाय, जिती हाय," आणि त्या पोरीचं नाव. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की त्या पोरीचं नाव घेऊन मीठमोहरी उतरायची. मी चिडायचे. "त्यानं तुझा विश्वासघात केला आणि तू त्याच्या लेकीची दृष्ट काढतेस?" ती म्हणायची, "बापानं शेण खाल्लं म्हून लेकराला उपाशी ठिवायचं व्हय?" मीच मग मीठ आणून द्यायचे.

अशी वर्षं गेली. रोज सकाळ-संध्याकाळ तेच नाव तिच्या तोंडी. आणि इकडं तिला विसरायला होऊ लागलं. चुलीवर दूध, शेजारणीचं नाव, माझं लग्न झालंय का नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, असंच हळूहळू जाणार. मला त्याचं काही वाटलं नाही, म्हातारपण कुणाला चुकलंय? माझ्या लक्षातच आलं नाही की काय जाणार आहे.

यंदाच्या लावणीला आई खाचरात उतरली नाही, तिला बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, अंगावर कागद. रांगेत आम्ही पूर्वीच्याच, मावशी आणि बाकीच्या, आणि ठाकरवाडीतल्या दोघी-तिघी. शेवटच्या दिवशी बायका म्हणाल्या, गाणं आईनंच उचलायचं. ती उचलायला लागली तर आवाज लख्ख. एक शब्द चुकला नाही. धुकं खाली आलं होतं, तिचा नुसता आवाज यायचा. तिनं मावशीचं नाव घेतलं, मावशीनं ओ दिली. माझं घेतलं, मी दिली. एकेक करत ती शेवटाला आली, आणि आम्ही सगळ्यांनी माझ्या बहिणीला ओ द्यायला श्वास घेतला.

आईनं त्याच्या मुलीचं नाव घेतलं.

कुणीच ओ दिली नाही. देणार कशी? ते पोर जितं आहे, तिकडं मुंबईत शाळेत जातं. जितीला रांगेनं ओ द्यायची नाही. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तशीच वाकलेली, हातात मूठ. आईनं पुन्हा नाव घेतलं. पुन्हा सगळं गप. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आगं, ओ का न्हाई देत ती?" आईचा आवाज फाटला होता. "कुटं हाय पोरगी? बांदावं बशिवली हुती मी. बगा गं कुनीतरी. आगं, बगा की."

मी आयुष्यात त्या माणसाला जेवढ्या शिव्या दिल्या असतील त्या सगळ्या त्या एका क्षणी कमी पडल्या. माझ्या बहिणीचं नाव माझ्या जिभेवर होतं. मोठ्यानं घेतलं असतं तर रांगेनं ओ दिली असती, तिच्या वाटची. पण रांगेची ओ म्हणजे पोरगी गेली. आईच्या पुढ्यात ती पुन्हा गेली असती, माझ्या हातून.

मी नाव गिळलं. सरळ उभी राहिले आणि त्याच्या मुलीच्या नावाला एकटीनं ओ दिली.

धुक्यात कागद सळसळला. आई खुर्चीत बसली असावी.

"हायेस व्हय," ती म्हणाली. "मंग लवकर ओ देत जा की गं बाय. जीव जातो माजा."